एकतीस घरांची काठी

“बेंऽऽ! बेंऽऽऽ!”

सत्तेचाळीस शेळ्या एकदम ओरडायला लागल्या की गाढ झोपलेला माणूसही उठून बसतो. त्या शुक्रवारी तोरबेसाचं अख्खं गाव गोठ्यापुढे जमलं होतं. अख्खं गाव म्हणजे नऊ घरं आणि चौदा माणसं, वर ऑगस्टच्या सुट्टीला आलेले दोन-चार पाहुणे. साडेनऊ वाजून गेले, ऊन डोंगरावरून पार चर्चच्या पायरीपर्यंत आलं, आणि गोठ्याचं दार अजून बंदच!

“आज पाळी कोणाची?” बासिलिसाआजींनी विचारलं. त्या गावसभेच्या प्रमुख. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र ठणठणीत.

“कोणाची म्हणजे? शाळामास्तरांच्या घराची!” तिरसोकाका गरजले. “काल एलादिओची होती, आज या नव्या बाईची. झोपली असेल! शहरातली माणसं ही, यांचा सूर्य दहाला उगवतो!”

“मी पाचपासून जागी आहे, काका.” साबिनामावशी पुढे आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या होत्या आणि हातांना ताज्या चीजचा वास येत होता. “पण माझ्या दाराशी काठीच नव्हती. काठी नसताना गोठा उघडायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?”

आता सगळे बासिलिसाआजींकडे बघायला लागले. कारण गोष्ट खरी होती.

आमच्या तोरबेसात गुराखी ठेवत नाहीत. ज्याची पाळी, त्याने सगळ्या गावाच्या शेळ्या डोंगरावर न्यायच्या. संध्याकाळी परत आलं की पाळीची काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवून ठेवायची. सकाळी ज्याच्या दाराशी काठी, त्याने गोठा उघडायचा. काठी नाही, तर गोठा नाही! शेळ्यांनी ओरडून आकाशपाताळ एक केलं तरी नाही! पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलंय, आणि आम्ही त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही.

“एलादिओ,” बासिलिसाआजींनी विचारलं, “काल काठी कुठे ठेवलीस?”

एलादिओआजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. ताठ उभे राहून म्हणाले, “कुठे म्हणजे? पुढच्या घराशी! सत्तर वर्षं ठेवतोय. कधी चुकलोय का मी?”

“ऐकलंत?” तिरसोकाकांनी दोन्ही हात पसरले. “एलादिओचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ! मग काठी गेली कुठे? बाईंनी चुलीत घातली असेल नाहीतर टोमॅटोच्या वेलाला टेकू दिला असेल. उद्या सभेत माझा हात वर होणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो!”

हे ऐकून गर्दीच्या मागे उभी असलेली ओलाया वाट काढत पुढे सरकली.

बाहेरून आलेल्या माणसाला तोरबेसाचं होता येतं, पण त्याला एक वर्ष आणि एक दिवस इथे राहावं लागतं. घराचं दार उघडं पाहिजे, धुराड्यातून धूर निघाला पाहिजे. मग गावसभा हात वर करते. सगळ्यांचे हात वर झाले तर तो आपला, एकही हात खाली राहिला तर नाही. साबिनामावशी मोठ्या शहरात दिवसभर कानाला फोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायची. ते सोडून, इरिया आणि तेल्मो या दोन मुलांना घेऊन ती इथे आली, शाळामास्तरांच्या रिकाम्या घरात राहिली, चीज करायला शिकली. गेल्या हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ पडला तेव्हाही तिची चूल विझली नव्हती. आज वर्ष पुरं झालं होतं, आणि उरलेला तो एक दिवस म्हणजे उद्याचा शनिवार. आणि आजच हे!

साबिनामावशीने तिरसोकाकांकडे पाहिलं, मग गोठ्याकडे पाहिलं. “काठी तुम्ही शोधत बसा. शेळ्यांना भूक लागलीय,” ती म्हणाली आणि तिने खाडकन अडसर काढला.

“काठीशिवाय!” कोणीतरी किंचाळलं. पण सत्तेचाळीस शेळ्या तोवर रस्त्याला लागल्यासुद्धा.

*

धुण्याच्या हौदाच्या काठावर चौघांची बैठक भरली. ओलाया तेरा वर्षांची, एलादिओआजोबांची नात. ती आई आणि आजोबांबरोबर बारा महिने तोरबेसातच राहायची. ब्राउलियो तिचा मामेभाऊ, वय अकरा, सुट्टीपुरता बिल्बाओ शहरातून आलेला, आणि खाण्यापुरता जन्माला आलेला. इरिया बारा वर्षांची. आणि तिचा भाऊ तेल्मो, आठ वर्षांचा, पुढचा एक दात नसलेला.

“आई रात्री खोकी काढत होती. सभेत नाही म्हणाले तर महिनाअखेर गाव सोडून जावं लागेल,” इरिया हळूच म्हणाली.

“जाणार नाहीस तू!” ओलाया उसळली. “तुम्ही नव्हतात तेव्हा मी इथलं एकटंच मूल होते. शाळेच्या गाडीत मी आणि ड्रायव्हर! बर्फाचा गोळा केला तर मारायचा कोणाला? तिरसोकाकांना?”

“मारला होतास ना एकदा!” ब्राउलियोने आठवण करून दिली.

“म्हणून तर सांगतेय, मजा नाही येत. ते परत मारत नाहीत, आईला सांगतात!”

इरियाला हसू आलं, पण डोळे भरलेलेच होते.

“काठीला काय पाय फुटले?” ओलाया म्हणाली. “इथेच असणार कुठेतरी. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं असेल. चला, शोधू या!”

दिवसभर त्यांनी गाव पिंजून काढलं. नऊच्या नऊ दारं पाहिली. साबिनामावशीचा टोमॅटोचा वाफा पाहिला, तर तिथे सगळे टेकू लोखंडी गजाचे. हौदात गळ टाकून पाहिला, तर एक मोजा निघाला. शेवटी तिरसोकाकांच्या लाकडाच्या ढिगात ब्राउलियो कमरेपर्यंत शिरला, आणि नेमके काका आले!

“काय रे, चोरा?”

“म... मांजर शोधतोय, काका!”

“कोणाचं मांजर?”

“कोणाचंही चालेल!” ब्राउलियो म्हणाला आणि धूम पळाला.

संध्याकाळी शेळ्या परतल्या, मोजल्या, सत्तेचाळीस भरल्या. तेव्हा तिरसोकाकांनी गोठ्यासमोरच जाहीर केलं, “उद्याची पाळी माझी. पण माझ्या दाराशी काठी येणार कुठून? काठी नाही तर मी शेळ्या नेणार नाही. नियम म्हणजे नियम!”

“मग मी नेते,” साबिनामावशी म्हणाली.

“अगं पण उद्या बाराला सभा आहे,” बासिलिसाआजी म्हणाल्या. “तुझ्यासाठीच आहे ती! तूच नसलीस तर तुझी बाजू मांडणार कोण?”

“गोठ्यात कोंडून ठेवलेल्या शेळ्यांची बाजू तरी कोण मांडतंय?” असं म्हणून साबिनामावशी दूध काढायला बसली. बाई हट्टी होती. खरं सांगायचं तर तोरबेसाला शोभेल इतकी हट्टी होती.

*

शनिवारी सकाळी चौघं पुन्हा हौदावर. सभेला जेमतेम दोन तास उरलेले. ब्राउलियो पाव आणि चोरिसो या तिखट सॉसेजचे तुकडे चघळत होता. स्वतःचेही आणि ओलायाचेही, कारण गुरुवारी तिच्या दातांना तार बसली होती आणि तिला काही कडक चाववत नव्हतं.

“मला अभ्यास करायचाय,” तेल्मो म्हणाला.

“आत्ता?” तिघंही ओरडले.

“सुट्टीच्या वहीत ‘माझ्या गावातली एक वस्तू’ असं पान आहे. मी काठीच काढलीय. फक्त रंगवायची राहिलीय.”

“बघू!” ओलायाने वही ओढून घेतली.

तेल्मोने काठीचं चित्र काढलंच नव्हतं. मंगळवारी काठी बासिलिसाआजींकडे होती, तेव्हा त्याने काठीभोवती कागद गुंडाळून त्यावर पेन्सिल घासली होती. त्यामुळे काठीवर कोरलेल्या सगळ्या खुणा कागदावर जशाच्या तशा उमटल्या होत्या. प्रत्येक घराची एक खूण. बासिलिसाआजींची किल्ली, तिरसोकाकांची चंद्रकोर, एलादिओआजोबांचा कोंबडीचा पाय. एकूण एकतीस.

“एकतीस?” ब्राउलियो चावायचं थांबला. हे क्वचित घडतं. “घरं तर नऊ आहेत!”

“आता नऊ. पूर्वी एकतीस होती,” ओलाया म्हणाली. “बाकीच्या घरांतली माणसं कारखान्यांत गेली. बिल्बाओ, बार्सिलोना, जर्मनी.”

“आमच्या घराची खूण नाहीच यात,” इरिया म्हणाली.

“मास्तरांच्या घराला खूण नव्हतीच. मास्तर येणार, बदलून जाणार, शेळी कोणी पाळली नाही.” ओलायाचं बोट कागदावरून सरकत होतं. कोंबडीच्या पायाशी ते थांबलं. “आजोबांच्या पुढे... हातोडा. हातोडा कोणाचा?”

तिला एकदम आठवलं. सेवेरो लोहार! आजोबांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं घर ओढ्यापलीकडे, खालच्या आळीत. तिथे आता कोणीच राहत नव्हतं. सेवेरो दाराला कुलूप लावून जर्मनीला गेला, त्याला चाळीस वर्षं झाली.

“ब्राउलियो,” ओलाया सावकाश म्हणाली, “आजोबांच्या पाळीला संध्याकाळी काठी कोण ठेवतं?”

“तू. नेहमी तूच.”

“आणि परवा मी कुठे होते?”

“दातांच्या डॉक्टरकडे, लेओनला!”

“बरोब्बर! परवा आजोबा एकटे होते. मी रात्री आले तेव्हा त्यांच्या मोज्यांना कुसळं चिकटली होती आणि बूट ओले होते. मीच काढली कुसळं. पण परवा शेळ्या टकल्या कड्यावर होत्या! तिथे ना ओढा, ना कुसळं. तिथलं गवत तर तिरसोकाकांच्या डोक्यावरच्या केसांइतकं!”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी हौदाच्या काठावर फक्त वही उरली होती, आणि ती न्यायला तेल्मोला परत यावं लागलं.

*

खालच्या आळीला जायचा पूल कधीच वाहून गेला होता. ओढ्यावर एक ओंडका आडवा पडलेला होता, शेवाळलेला.

“एकेक जण. घाई नको,” ओलाया म्हणाली.

ती गेली, इरिया गेली, तेल्मो तर खारीसारखा गेला. ब्राउलियो मधोमध पोहोचला आणि म्हणाला, “अरे, हे तर सोप्पं...” धप्पाक्!

“सोप्पं काय?” वरून तेल्मोने विचारलं.

“थंड!” ब्राउलियो ओरडला. गुडघाभर पाण्यात तो उभा होता आणि चोरिसोची पिशवी मात्र त्याने डोक्याच्या वर सुखरूप धरली होती.

पलीकडे नुसतं रान माजलेलं. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, अंगाची आग करणारी खाजरी पानं, त्यांतून डोकावणाऱ्या दगडी भिंती. एका घराच्या छपरातून अक्रोडाचं झाड वर आलं होतं. इथेही कधीतरी मुलं ओरडत धावली असतील, हे चौघांच्याही मनात आलं असावं.

“इकडे बघा!” इरिया कुजबुजली. “पाला तुडवलाय. ताजा आहे.”

चिखलात बुटाचा मोठा ठसा होता. मग दुसरा. ठसे सरळ एका निळ्या, रंग उडालेल्या दाराकडे गेले होते. दारावरच्या दगडात हातोडा कोरलेला. आणि दाराच्या उजव्या हाताला, नीट, सरळ, जशी ठेवायची असते तशी टेकवलेली...

“काठी!”

तेल्मोने उड्या मारल्या, इरियाने ओलायाला मिठी मारली. “सापडली! ओलाया, सापडली! आता आईला कोणी काही बोलणार नाही!”

ओलाया मात्र काठीकडे बघत उभीच राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“आजोबांनी ठेवली,” ती म्हणाली. “आजोबा चुकले.”

ब्राउलियोलाही आता कळलं. त्याचे बाबा, म्हणजे ओलायाचा मामा, नाताळपासून एकच धोशा लावून बसले होते. बाबा थकलेत, विसरतात, त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवू या. येत्या सोमवारी ते न्यायलाच येणार होते ब्राउलियोला. त्यांच्या कानावर हे गेलं तर?

“असं करू,” ब्राउलियो म्हणाला. “ओढ्यात सापडली म्हणू या. मी पडलो, हाताला लागली! मी भिजलोयसुद्धा, पुरावा आहे!”

“मग तिरसोकाका म्हणतील, साबिनामावशीनेच फेकली,” ओलाया म्हणाली.

इरियाला काय हवं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तरी ती शेवटी एवढंच म्हणाली, “तुझे आजोबा आहेत. तू ठरव.”

ओलायाने काठी उचलली. एकीकडे मैत्रीण, एकीकडे आजोबा. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढायचा तेही कळत नव्हतं. तेवढ्यात ओढ्यापलीकडून घंटा वाजली. सभेची पहिली घंटा! तिसऱ्या घंटेला सभा सुरू होते.

“चला,” ती म्हणाली. “आधी आजोबांकडे.”

*

एलादिओआजोबा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून, काळी टोपी हातात घेऊन बाकावर बसले होते. ओलायाने काठी त्यांच्या मांडीवर ठेवली.

“अरे वा! कुठे मिळाली गं?”

“सेवेरोआजोबांच्या दाराशी.”

आजोबांचा अंगठा काठीवरून फिरायला लागला. कोंबडीच्या पायावरून हातोड्यावर आला आणि थांबला. दुसरी घंटा वाजली.

“आजोबा,” ओलाया त्यांच्या शेजारी बसत म्हणाली, “आम्ही कोणाला नाही सांगणार. काहीतरी दुसरं सांगू.”

“म्हणजे चूक करायची मी आणि भरायची त्या पोरीने?” आजोबांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली. “नाही गं बाळा. हात दे मला.”

चर्चच्या ओसरीत सभा भरली होती. तिरसोकाका केव्हाचे उभे.

“बघा! आलीसुद्धा नाही ती! हिला गावाची किंमत नाही!”

“ती तुझ्या शेळ्या चारायला गेलीय, तिरसो,” बासिलिसाआजी म्हणाल्या. “आज पाळी तुझी होती.”

लोक हसले. तिरसोकाका लाल झाले. “ते काही असो! काठी कुठाय? आधी काठी दाखवा!”

“ही घे!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. एलादिओआजोबा पायऱ्या चढून येत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओलायाचा हात, मागे इरिया, तेल्मो आणि नखशिखांत भिजलेला ब्राउलियो.

“काठी मी हरवली,” आजोबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येकाला ऐकू गेला. “हरवली म्हणजे, ठेवली. सेवेरोच्या दाराशी. दारसुद्धा वाजवलं मी. ‘सेवेरो, उद्या तुझी पाळी रे,’ असं म्हणालो आणि घरी येऊन जेवलो. काल तुम्ही विचारलंत तेव्हा छाती पुढे काढून सांगितलं, पुढच्या घराशी ठेवली. खोटं नाही बोललो. सत्तर वर्षांपूर्वी माझ्या बापाने मला तेच पुढचं घर शिकवलं होतं. मी विसरलो नाही रे, मला जरा जास्तच आठवलं. पण त्यापायी एका प्रामाणिक बाईला तुम्ही चोर ठरवलंत, आणि मी ऐकत उभा राहिलो. याची मला लाज वाटते.”

तिरसोकाकांनी टोपी काढली. ती हातात फिरवत राहिले. सेवेरो त्यांचा सख्खा मामा लागत होता.

“दार वाजवलंस तू?” त्यांनी विचारलं.

“वाजवलं.”

तिरसोकाकांनी नाक ओढलं. मग एकदम ओरडले, “मग आता काय बघत बसलात सगळे? मत घ्या की! का रात्रीपर्यंत थांबायचंय?”

“थांब!” बासिलिसाआजींनी हात वर केला. “ज्याला गावात घ्यायचं, त्याला समोर उभं करून विचारावं लागतं. नियम आहे. आणि साबिना तर टकल्या कड्यावर आहे.”

“म्हणजे राहिलंच?” इरियाचा चेहरा पडला. “ती दिवस मावळताना येणार, तेव्हा मत घेत नाहीत. आणि दिवस तर आजचाच!”

ओलाया पुढे झाली. “बासिलिसाआजी, सभा चर्चच्या ओसरीतच भरली पाहिजे असा नियम आहे का?”

बासिलिसाआजींनी विचार केला. डोळे मिटून, चांगला मिनिटभर. “नाही,” त्या म्हणाल्या. “सभेला माणसं लागतात आणि काठी लागते. ओसरी लागते असं कोणी म्हटलेलं नाही.” त्यांनी बुटांचे बंद घट्ट केले. “चला!”

*

तोरबेसाची गावसभा डोंगर चढते आहे, हे दृश्य आजवर कोणी पाहिलं नसेल! सगळ्यांत पुढे तिरसोकाका, गुडघ्यांना शिव्या देत. मग बासिलिसाआजी. मध्ये एलादिओआजोबा, दर वळणावर “मी दमलेलो नाही” असं सांगत थांबणारे. मागे बाकी सगळे, पाव, चीज आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. कारण टकल्या कड्यावर रिकाम्या हाताने कोणी जात नाही.

साबिनामावशीने वरून ही सगळी फौज येताना पाहिली. तिची पाचावर धारण बसली. ती उठून उभी राहिली आणि लांबूनच ओरडली, “सत्तेचाळीस आहेत! मोजून घ्या हवं तर! एकही हरवलेली नाही!”

“शेळ्यांना कोण विचारतंय!” तिरसोकाका धापा टाकत म्हणाले. “तुला विचारायला आलोय, बाई! जरा दम खाऊ दे.”

सगळे गोल उभे राहिले. शेळ्याही काय चाललंय बघायला जवळ आल्या. बासिलिसाआजींनी काठी हातात घेतली आणि आमच्या आजोबा-पणजोबांना विचारले गेले तेच तीन प्रश्न विचारले.

“तुझ्या घराचं दार उघडं आहे?”

“आहे,” साबिनामावशी म्हणाली.

“चुलीत विस्तव आहे?”

खाली गाव दिसत होतं. मास्तरांच्या घरावर धुराची एक बारीक रेघ उभी होती. तिने तिकडे बोट दाखवलं. “आहे.”

“गावाची पाळी घेशील?”

“दोन दिवस झाले, घेतलीच आहे तिने!” तेल्मोला राहवलं नाही. सगळे खो खो हसले.

“घेईन,” साबिनामावशी म्हणाली.

“हात वर करा!”

एक, दोन, चार, आठ... सगळ्यांच्या नजरा तिरसोकाकांकडे वळल्या. त्यांचा हात कपाळाशी होता.

“काय बघताय? वर केलाय तो हात!” ते ओरडले. “उन्हासाठी नाही धरलेला!” आणि त्यांनी दुसराही हात वर केला, म्हणजे शंका नको. इरियाने किंचाळत जाऊन आईला मिठी मारली. ओलायाने ब्राउलियोला मिठी मारली आणि स्वतःही ओली झाली.

आजोबांनी खिशातून चाकू काढला. “आता खूण. बोला, काय कोरू?”

“चीज!” ब्राउलियो म्हणाला.

“माझा पडलेला दात!” तेल्मो म्हणाला.

“धुराडं,” ओलाया म्हणाली. “वर्षभर एक दिवस विझलं नाही ना, म्हणून.”

“ठरलं!” आजोबांनी कोंबडीचा पाय आणि हातोडा यांच्यामध्ये अंगठा ठेवला. जागा तशी अरुंद होती.

“हातोडा खोडून टाकायचा का?” इरियाने भीत भीत विचारलं.

“खुळी का तू? सेवेरोला कशाला पुसायचं? थोडं सरकून घेईल तो.” आणि त्यांनी चार रेघांत एक इवलंसं धुराडं कोरलं. एलादिओआजोबांच्या हाताला कंप आहे, पण त्या दिवशी एकही रेघ वाकडी गेली नाही.

बासिलिसाआजींनी चौघा मुलांना पुढे बोलावलं. “आम्ही मोठी माणसं कालपासून भांडत बसलो. शोधलं तुम्ही. आणि शोधल्यावर लपवलं नाहीत, हे त्याहून मोठं. तोरबेसाला तुमचा अभिमान वाटतो.” मग त्या आजोबांकडे वळल्या. “एलादिओ, तुझी पाळी तुझीच राहील. पण ती एकतीस घरं आता फक्त तुझ्याच डोक्यात आहेत. ती या मुलांना पाठ करून द्यायची. तुझ्या प्रत्येक पाळीला एक जण बरोबर येईल.”

“आणि बाबांना मी सांगतो,” ब्राउलियो छाती फुगवून म्हणाला. “एकतीस घरं पाठ असलेला माणूस वृद्धाश्रमात नाही जात! बाबांना तर स्वतःचा फोन नंबरही पाठ नाही!”

पहिला धडा लगेच, उतरतानाच सुरू झाला. पुढे शेळ्या, मागे सगळं गाव, आणि काठी तेल्मोच्या हातात. संध्याकाळी ती त्याला तिरसोकाकांच्या दाराशी ठेवायची होती. काकांनी त्याला दोनदा बजावलं होतं, उजव्या हाताला ठेव म्हणून.

“म्हणा माझ्यामागून,” आजोबा म्हणाले. “बासिलिसाची किल्ली.”

“बासिलिसाची किल्ली!” चौघं ओरडले.

“गिरणीवाल्याचं चाक.”

“गिरणीवाल्याचं चाक!”

“एलादिओचा कोंबडीचा पाय.”

ओलायाने श्वास रोखला. आता काय येतं? ती मुद्दाम काही बोलली नाही. तेल्मो सांगायला तोंड उघडणार, तर इरियाने त्याचं तोंड दाबलं.

आजोबा दोन पावलं गप्प चालले. त्यांनी खाली गावाकडे पाहिलं. मास्तरांच्या घरावरची धुराची रेघ अजून तशीच होती.

“साबिनाचं धुराडं,” ते ठणकावून म्हणाले, “आणि मग सेवेरोचा हातोडा.”

“साबिनाचं धुराडं!” मुलं तर ओरडलीच, पण मागून अख्खं गाव ओरडलं, आणि त्यात तिरसोकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.